उन्हाळ्यात फिरणं बंद पडतं आणि गुडघे-कंबर बोलायला लागतात : कोल्हापूरकर, तुम्ही काय करता?

रंकाळाकाठची
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. हिवाळाभर आम्ही तिघी रोज सकाळी रंकाळ्याला फिरतो, गप्पा जास्त आणि चालणं कमी, पण पाय हलतात. मार्च संपला की एकेकीची कारणं सुरू. कुणाकडे नातवंडं आली, कुणाचे पापड-सांडगे निघाले, आणि सगळ्यात मोठं कारण ऊन. मग एप्रिल-मे पंख्याखाली. जूनमध्ये परत बूट घातले की गुडघा कुरकुरतो, सकाळी कंबर आखडलेली असते आणि जिना उतरताना कठडा धरावा लागतो. वय ५४. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलंय की झीज सुरू झालीय, वजन उतरवा आणि चालणं सोडू नका.

आता पारा ३८-३९ ला असताना चालणं सोडू नका म्हणजे नक्की काय करायचं? एक मैत्रीण म्हणते, झीज झालीय तर चालून अजून कशाला झिजवतेस, दोन महिने आराम दे. नवरा म्हणतो ट्रेडमिल घेऊया, आणि तिच्यावर आमच्याकडे टॉवेल वाळणार हे मला आत्ताच दिसतंय. तर प्रश्न असा की उन्हाळ्यात बाहेर हिंडणं-फिरणं चालू ठेवून सांध्यांना, पाठीला खरंच फायदा होतो का, आणि होत असेल तर कोल्हापुरात कुठं, किती वाजता, कसं? अनुभव लिहा. तेला-गोळ्यांच्या जाहिराती नकोत प्लीज.

तांबडापांढरा
ताई, रंकाळ्याला चार पावलं चालायचं आणि चौपाटीवर बसून भेळ हाणायची, यात गुडघ्याचा काय दोष? (हलके घ्या, मी त्याच पंथातला.)

पहाटे_मंगळवारपेठ
लई सोपं हाय. साडेपाचला घराबाहेर, पावणेसातला परत. मे महिन्यात सहाच्या सुमारास उजाडतंच की. आठला ऊन लागतं म्हणणाऱ्यांनी आठला जाऊच नये. आमचा ग्रुप बारा महिने चालतोय, उन्हाळ्यात फक्त घड्याळ मागं घेतो.

रंकाळाकाठची
@पहाटे, साडेपाचला बाहेर पडायचं तर साडेचारला उठून डबा करावा लागेल. तुमचा डबा कोण करतं तेवढं लिहा.

पहाटे_मंगळवारपेठ
…

कळंबेकर_सूनबाई
हाहाहा, गार केलं बघा त्यांना.

फिजिओ_राजारामपुरी
माझा धंदाच हा आहे म्हणून जरा लांबण लावते, सांभाळून घ्या.

"चाललं की झिजतं" हे मी रोज ऐकते. गुडघ्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. पाय टेकला की ती दाबली जाते, उचलला की सुटते, आणि त्या दाबण्या-सुटण्यात सांध्यातलं वंगण आत-बाहेर होतं, तिचं पोषण तिथनं होतं. म्हणजे दोन महिने बसवून ठेवलेला गुडघा आराम करत नसतो, उपाशी असतो. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू. चालताना बसणारा धक्का बराचसा तो पेलतो. एप्रिल-मेमध्ये बसून तो सैल पडतो, जूनला तुम्ही एकदम पूर्वीइतकं चालायला जाता आणि सगळा भार सांध्यावर येतो. तुमची जूनची तक्रार मला झिजेपेक्षा मांडीची वाटते. (न बघता सांगतेय, तपासून घ्याच.)

म्हणून उन्हाळ्यात चालणं कमी झालं तरी चालेल पण शून्य नको. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, ती एका दमात कुणी मागत नाही. सकाळी पंधरा, संध्याकाळी पंधरा केलं तरी हिशेब लागतो. शिवाय आठवड्यातनं दोन दिवस ताकदीचा व्यायाम, तो सगळेच विसरतात. घरात करा, ऊन लागत नाही. हात न टेकता खुर्चीतनं उठायचं आणि सावकाश बसायचं, बसताना धप्पकन पडायचं नाही, खरा व्यायाम त्या सावकाश बसण्यात आहे. उताणं झोपून एक पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, धरायचा, खाली. एका पायरीवर चढ-उतार, कठडा धरून.

दुखण्याचं माप असं ठेवा : चालताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्वपदावर आलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशी जास्त दुखतंय किंवा गुडघा सुजलाय तर अंतर कमी करा, बंद नको. आणि वजनाचं डॉक्टर बोलले ते उगाच नाही. गुडघेदुखीच्या लोकांवर मोजलेलं आहे की एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं हलका होतो.

तांबडापांढरा
मग माझ्या गुडघ्यावर सध्या एक बैल बसलाय म्हणायचा.

खुर्चीवीर_आयटी
धाग्यात कंबर पण आहे म्हणून लिहितो. वय ३६, घरून काम, दिवसभर डायनिंगच्या खुर्चीत. मागच्या उन्हाळ्यात कमरेतनं पायापर्यंत कळ जायला लागली, एमआरआयमध्ये कमरेच्या मणक्यांमधली (एल४-एल५) चकती सरकलेली. घरच्यांनी पलंगावर पाडून ठेवलं, उठू नको, वाकू नको, फळी टाकून झोप. जितका झोपलो तितका आखडत गेलो. मग ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी पहिली गोष्ट सांगितली की झोपणं बंद, दर तासाला उठून पाच मिनिटं चाल. सुरुवातीला गल्लीच्या टोकापर्यंत, मग टाऊन हॉल बागेपर्यंत. तिथं मोठी झाडं आहेत, दुपारी चारला पण सावली मिळते हे कोल्हापुरात किती जणांना माहीत आहे देव जाणे, सगळे रंकाळा रंकाळा करत बसतात.

जुनी_खोड
टाऊन हॉल बागेत वटवाघळं पण आहेत. टोपी घालून जावा.

फिजिओ_राजारामपुरी
@खुर्चीवीर, तुमचे डॉक्टर बरोबर बोलले. साध्या कंबरदुखीला पडून राहण्याचा सल्ला केव्हाच मागे पडलाय. अजून एक, झोपेत मणक्यातल्या चकत्या पाणी शोषून फुगतात (सकाळी आपली उंची सेंटीमीटरभर जास्त भरते ती त्यामुळे), म्हणून उठल्या उठल्या ओणवं होऊन बादली उचलणं, अंगण लोटणं, पायाचे अंगठे धरणं टाळा. आधी थोडं हिंडा मग वाका.

पण कळ पायात जाऊन पायाची ताकद कमी होत असेल, जांघेत बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी-शौचाचा ताबा सुटला तर धागे वाचत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. ताप, विनाकारण वजन घटणं, रात्री झोपेतनं उठवणारं दुखणं, यातही चालून बघतो म्हणायचं नाही.

शेतकरी_कागलकडचा
तुमचं सगळं वाचतोय. शहरातल्या मंडळींना चाला म्हणून सांगावं लागतंय, आमच्याकडं उलटं हाय. आई ६२ वर्षांची, पहाटे धारा काढायच्या, मग वैरण, मग भांगलायला (शेतातलं तण काढायला) जायाचं ते दोनपर्यंत उकिडवं बसून खुरपं चालूच. तिला डॉक्टर म्हणाले व्यायाम करा. ती म्हणाली, लेका त्याला सांग एक दिवस भांगलायला ये. आता सांगा, दिवसभर राबणाऱ्या बाईचे गुडघे-कंबर का जातात मग? हालचाल तर भरपूर हाय की.

रंकाळाकाठची
हा प्रश्न माझ्यापेक्षा भारी आहे. फिजिओताई, बोला.

फिजिओ_राजारामपुरी
खरंच भारी प्रश्न, आणि उत्तर आमच्या लोकांनी प्रामाणिकपणे द्यायला पाहिजे. हालचाल भरपूर आहे पण एकाच जातीची. तासन्‌तास उकिडवं बसलं की गुडघा पूर्ण मिटलेल्या अवस्थेत भार घेत राहतो, कंबर पुढं वाकलेली, आणि मागं वळायची वेळच येत नाही. उकिडवं बसून काम आणि जड उचलणं दोन्ही रोज करणाऱ्यांना गुडघ्याची झीज जास्त होते हे जगभर दिसलंय. आईंना "फिरायला जा" सांगणं हा त्यांचा अपमानच आहे. त्यांना उलट्या बाजूची हालचाल पाहिजे. एक वाफा झाला की उठून दोन्ही हात कमरेवर ठेवून मागं वाकायचं चार-पाच वेळा, बांधापर्यंत चालून यायचं. आळीपाळीनं एक गुडघा जमिनीला टेकवून भांगललं तर दोन्ही गुडघे पूर्ण मिटत नाहीत, टेकलेल्या गुडघ्याखाली पोत्याची घडी ठेवायची, बाजू बदलत राहायची. लांब दांड्याचं खुरपं मिळतं, उभ्यानं चालतं. भारा डोक्यावर घेताना दुसऱ्यानं हात द्यावा, एकटीनं जमिनीवरनं झटका मारून उचलायचा नाही. आणि उन्हातल्या कामाची वेळ बदलता येत असेल तर बदला. बारा ते तीन उन्हात राबू नका हे सरकारच सांगतं दर उन्हाळ्यात.

शेतकरी_कागलकडचा
लांब दांड्याचं खुरपं आणलं होतं ताई, आई म्हणते त्यानं गवत मुळासकट येत न्हाई. ऊस बारका असताना चालतं, नंतर न्हाई. पण पोत्याची घडी आणि मागं वाकायचं सांगतो. आणि दुपारची सुट्टी मालक आमीच असल्यामुळं मंजूर.

वस्ताद_नाद
तालमीत उभं आयुष्य गेलं म्हणून बोलतो. हल्ली जो तो म्हणतोय बैठकांनी गुडघं जातात. आरं, आमच्या हौद्यात (आखाड्याच्या मातीत) साठीतले म्हातारे अजून बैठका मारतात. गुडघं कुणाचं गेलं सांगू? ज्यांची कुस्ती सुटली, मेहनत सुटली, पण खुराक सुटला न्हाई त्यांचं. सकाळचं कट्ट्यावरचं दूध तेवढंच, बदाम-खसखशीची थंडाई तेवढीच, मटण तेवढंच, आणि अंगावर मेहनत शून्य. शंभर-सव्वाशे किलोचा गडी दोन चिपाडावर किती दिवस उभा राहील?

उन्हाळ्यात तालमीत मेहनत पहाटे असती आणि लाल मातीला गारवा असतो. ताक, तेल, हळद, लिंबू घालून माती मळलेली, तिच्यात पडलं तरी लागत न्हाई. आज पोरं मॅटवर आणि सिमेंटवर उड्या मारत्यात आणि गुडघा धरून बसत्यात.

पेठेतला_फुटबॉलवाला
वस्ताद, मॅटचं काय घेऊन बसलाय, आमच्या पोरांचे गुडघे शाहू स्टेडियमवर जातात, आणि ते झिजेनं न्हाई, लिगामेंट तुटून. पाय रोवलेला आणि अंग फिरलं की कटक्‌. हंगामात एकतरी असतोच.

खुर्चीवीर_आयटी
वस्ताद, आदर राखून विचारतो. माझ्यासारख्यानं आजपासून बैठका सुरू केल्या तर?

वस्ताद_नाद
आजपासून पाच मार. महिन्यानं बघू. पहिल्याच दिवशी शंभर मारून जिना बसून उतरणारी पोरं लई बघितली. आणि पूर्ण खाली बसायची घाई नको, अर्ध्यातनं उठ.

फिजिओ_राजारामपुरी
वस्तादांना अनुमोदन. मी हेच दुप्पट शब्दांत सांगितलं असतं आणि फी घेतली असती. फक्त ज्यांचा गुडघा आधीच सुजलेला आहे त्यांनी बैठका नकोत, खुर्चीतलं उठणं-बसणंच बरं.

कोवळं_ऊन
सगळे ऊन म्हणजे शत्रू असल्यासारखं का बोलताय? मी मुद्दाम सकाळी साडेसहाच्या कोवळ्या उन्हात गच्चीवर बसते, डी व्हिटॅमिनसाठी. हाडांना तेच लागतं. एसीत बसून हाडं ठिसूळ होणार नाहीत तर काय.

तिकटीचा_केमिस्ट
ताई, राग मानू नका. कोवळ्या उन्हात बरं वाटतं, पण डी तयार करणारे अतिनील-बी किरण त्या वेळी जवळजवळ नसतातच. सूर्य तिरपा असला की ते वातावरणातच अडकतात. साधी खूण म्हणजे तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा छोटी पाहिजे. उन्हाळ्यात कोल्हापुरात ही वेळ नऊ-साडेनऊनंतर येते. खिडकीच्या काचेतनं येणारं ऊन पण चालत नाही, काच ते किरण अडवते.

तांबडापांढरा
मे च्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात शून्य सावली दिवस असतो. त्या दिवशी भर दुपारी उभं राहिलं की वर्षाचा कोटा पूर्ण काय?

तिकटीचा_केमिस्ट
पूर्ण होईल, आणि सीपीआर रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात खाट पण मिळेल. अहो साडेनऊ-दहाला हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं फिरलात तरी पुष्कळ, भाजी आणायला चालत गेलात तरी झालं. सावळ्या कातडीला गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. आणि तपासणीत डी खूप कमी निघालं असेल तर उन्हावर भरवसा टाकू नका, डॉक्टर देतील तो डोस घ्या. स्वतःच्या मनानं दर आठवड्याला साठ हजारवाली पुडी वर्षभर खाणारे गिऱ्हाईक आहेत माझ्याकडे, तेही वाईट. ती जास्त झाली की रक्तात कॅल्शियम वाढतं, किडनीला त्रास.

कोवळं_ऊन
बरं. पण मी गच्चीवर बसणं सोडणार नाही, तिथं सकाळी कोकीळ ओरडते आणि घरातलं कुणी हाक मारत नाही.

कळंबेकर_सूनबाई
+१ या शेवटच्या कारणाला.

निवृत्त_केएमटी
वय ७१. डावा गुडघा खराब. संध्याकाळी सहानंतर महावीर गार्डनला जातो. बीपीची गोळी चालू आहे, लघवी जास्त होणारी. मागच्या एप्रिलमध्ये फिरता फिरता डोळ्यापुढं अंधारी आली, बाकावर बसलो म्हणून वाचलो. तेव्हापासून गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलून घेतली आणि बाटली बरोबर ठेवतो. काठी घेतलीय पण काठीनं उजवा खांदा दुखतो. काठी उजव्या हातात धरतो.

फिजिओ_राजारामपुरी
काका, हात बरोबर धरलाय. दुखरा गुडघा डावा म्हणजे काठी उजव्याच हातात आणि डाव्या पायाबरोबर पुढं टाकायची. बहुतेक लोक दुखऱ्या बाजूला धरतात आणि त्या बाजूलाच सगळं वजन झुकवतात. तुमची काठी उंच झालेली असणार. बूट घालून ताठ उभं राहा, हात मोकळा सोडा, मनगटाच्या घडीपर्यंत मूठ यायला पाहिजे. त्याहून उंच असेल तर खालनं कापून रबरी टोपण बसवा, खांदा वर उचलावा लागणार नाही.

निवृत्त_केएमटी
मोजली. चांगली तीन बोटं उंच आहे. सुताराकडे देतो.

अंगठा_लाल
पाण्यावरनं आठवलं. मला गाऊट आहे, युरिक अॅसिड. दर उन्हाळ्यात पायाचा अंगठा टोमॅटो होतो. मी आधी समजायचो फिरल्यामुळं होतं म्हणून फिरणं बंद करायचो. डॉक्टर म्हणाले घाम गाळतोस, पाणी पीत नाहीस, वर तांबड्या रश्शाचे वाडगे आणि बिअर. पाणी कमी पडलं की युरिक अॅसिड दाट होतं. आता फिरायच्या आधी तांब्याभर पाणी, आल्यावर ताक. अंगठा सुजलेला असताना मात्र फिरत नाही, तो उतरू देतो. बिअर सोडली, रस्सा सोडवत नाही.

पुण्यात_अडकलेला_कोल्हापूरकर
रस्सा सोडवत नाही हे वाचून डोळे भरून आले.

तिकटीचा_केमिस्ट
पाण्याबद्दल एक. ओआरएसची मोठी पुडी लिटरभर पाण्यातच घालायची, अर्धी पुडी पेल्यात नाही. सारखं फसाफसा घाम येत नसेल तर पुडीची गरजच नाही, मीठ घातलेलं ताक, आंबील, पन्हं भरपूर झालं. शुगरवाल्यांनी पन्ह्यात गूळ किती पडतोय ते बघावं.

जोतिबाचा_भक्त
चांगभलं! सगळे फिरणं-फिरणं करताय, आमच्याकडं चैत्र पौर्णिमेला भर उन्हात सासनकाठी नाचवतात त्याचं काय. उंच बांबूची काठी, वर निशाण, वारा धरला की चार जणांना आवरत नाही. वर्षभर दुकानात बसायचं आणि यात्रेला एकदम काठी कमरेच्या पट्ट्यात, आमच्या ग्रुपात एकाची कंबर तिथंच धरली, त्याला गुलालातनंच उचलून आणला. आता पोरं महिनाभर आधी सराव करतात.

आणि डोंगर पायी चढायचा तर पहाटे चढा आणि येताना वडापनं (शेअर जीपनं) खाली या. चढताना दम लागतो, पण गुडघ्याचं खरं वाटोळं उतरताना होतं.

फिजिओ_राजारामपुरी
हे तुम्ही ठळक केलंत ते छान. उतरताना गुडघ्याच्या वाटीवर भार जास्त येतो आणि मांडीला लांबत लांबत ब्रेक मारावा लागतो. शिवाय उन्हाची सवय शरीराला व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, रोज थोडं थोडं वाढवत न्यावं लागतं. वर्षभर सावलीत आणि एक दिवस डोंगरावर, असं नको.

जुनी_खोड
पन्हाळ्याला जावा की त्यापेक्षा. शहर १८०० फुटांच्या आसपास, पन्हाळा ३००० च्या वर, हवेत फरक पडतोच. गाडी वर न्यायची आणि वरच्या वर फिरायचं, तीन दरवाजा ते सज्जाकोठी, झाडी पण आहे. मसाई पठाराला मात्र उन्हाळ्यात जाऊ नका, सावलीला कुत्रं पण मिळत नाही.

पोहणारी_शिवाजीपेठ
कुणी पोहण्याचं कसं काढलं नाही अजून? वीरधवल खाडेच्या गावचे ना आपण, २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकला पोहून आला गडी. उन्हाळा म्हणजे कोल्हापुरात पोहायचाच सीझन, आम्ही लहानपणी विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलो, नंतर अंबाई टँक (पोहण्याचा तलाव).

माझ्या आईला पोहता येत नाही, गुडघे दोन्ही खराब. ती टँकच्या उथळ बाजूला नुसती चालते. कमरेएवढ्या पाण्यात शरीराचा जवळजवळ निम्मा भार पाणी उचलतं, छातीएवढ्या पाण्यात त्याहून जास्त. बाहेर दहा मिनिटांत टेकते, पाण्यात अर्धा तास मजेत. पुढं, मागं, आडवी, कठड्याला धरून पाय झोके. सुरुवातीला लाजली, आता तिच्या मागं चार बायका लागल्यात. फक्त काठावरच्या ओल्या फरशीवर सांभाळा, आणि चढायला शिडीपेक्षा पायऱ्या असलेला टँक बघा. नदीत, अनोळखी विहिरीत म्हाताऱ्या माणसांना उतरवू नका.

रंकाळाकाठची
हे मला सुचलंच नव्हतं! बायकांची वेगळी बॅच असते का?

पोहणारी_शिवाजीपेठ
बऱ्याच टँकवर असते, उन्हाळ्यात वेळा बदलतात म्हणून काउंटरला विचारूनच जा. सुट्टीतल्या पोरांच्या बॅचला जाऊ नका, चालायला जागा मिळत नाही आणि डोक्यावर पोरगं पडतं.

चप्पलवाला_नाही_पण
चालायला कोल्हापुरी चप्पल चालते का? आजोबा आयुष्यभर तीच घालून चालले. दुसरं म्हणजे मला एका दुकानात गुडघ्यासाठी म्हणून साडेसात हजाराचे बूट विकायचा प्रयत्न झाला, आत म्हणे मॅग्नेट आहे.

पहाटे_मंगळवारपेठ
मॅग्नेट!!! गुडघा उत्तरेकडं वळतोय का बघा.

फिजिओ_राजारामपुरी
मॅग्नेटला पैसे घालू नका. मागं पट्टा नसलेली कुठलीही चप्पल घालून आपण बोटांनी ती धरत चालतो, पाऊल आखडतं. कोल्हापुरीला २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला म्हणून ती जॉगिंगची होत नाही, लग्नाला आणि पेठेत मिरवायला घाला. फिरायला मऊ तळाचा, लवचिक, पुढं बोटं हलतील असा हलका बूट पुरे. आजोबा मातीच्या वाटेवर चालायचे हे पण धरा.

शेतकरी_कागलकडचा
संध्याकाळी फिरणाऱ्यांनी वळवाकडं लक्ष ठेवा. दुपारी उकडून पश्चिमेला काळं भरून आलं की तासाभरात येतोय. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली थांबायचं न्हाई, पक्क्या घरात जायाचं. आमच्या भागात दर उन्हाळ्यात माणसं-जनावरं दगावत्यात विजेनं.

जुनी_खोड
आणि वळीव पडून गेल्यावर पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर चालायचा नाद करू नका. शेवाळ.

रंकाळाकाठची
मंडळी, आज परत येऊन सगळं सलग वाचलं. माझं असं ठरतंय : आठवड्यात दोन-तीन दिवस टँक, बाकी दिवशी साडेसहानंतर संध्याकाळी अर्धा तास, कारण सकाळचा डबा काही माझ्या हातात नाही. खुर्चीची उठबस घरात, टीव्ही बघता बघता. रंकाळा संध्याकाळी गर्दीचा आणि गाड्यांचा, त्याऐवजी कुठं सपाट, झाडीचं?

पेठेतला_फुटबॉलवाला
शिवाजी विद्यापीठ. आवारात झाडी भरपूर, रस्ते सपाट, वाहनं कमी. गेटवर बाहेरच्यांना कधीपर्यंत सोडतात तेवढं विचारून घ्या. मोर दिसला तर फोटो काढत थांबू नका, व्यायाम राहतो.

कळंबेकर_सूनबाई
कळंबा तलावाच्या बाजूला पण या की कधी, उन्हाळ्यात संध्याकाळी वारं सुटतं. सासूबाईंना घेऊन मी रोज जाते, त्या माझ्यापेक्षा जोरात चालतात, ही वेगळीच डोकेदुखी.

खुर्चीवीर_आयटी
ज्यांना यातलं काहीच जमत नाही त्यांनी निदान फोन आला की उठून बोलायचं. माझे ऑफिसचे कॉल एवढे लांबतात की तेवढ्यात गच्चीवर माझं चालणं आरामात होऊन जातं. मॅनेजरचे उपकार.

निवृत्त_केएमटी
एक शंका राहिली. फिरताना नी-कॅप घालावी का? मुलानं आणून दिलीय. दिवसभर घालतो.

फिजिओ_राजारामपुरी
काका, फिरायच्या वेळेपुरती घाला, आधार वाटतो आणि पाऊल बिनधास्त पडतं. घरी आलात की काढा. दिवसभर घालून मांडीची ताकद वाढत नाही, आणि या उकाड्यात आत घाम साठून कातडी खराब होते. रात्री झोपताना तर नकोच. पोटरीला वळ उठत असतील तर साइज लहान आहे, बदलून घ्या.

निवृत्त_केएमटी
वळ उठतात आणि घामोळं पण आलंय. उद्या मुलाला पाठवतो बदलायला, पावती आहे.